परक्या मुलखातला पाळणा

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावर येऊन लहान मुलांच्या संगोपनाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पगारवाढ, बोनस, टाळेबंदी हे आमचे नेहमीचे विषय. परंतु मूल वाढवणे हेही कामच आहे. त्याला तास लागतात, हात लागतात, आणि ते करणाऱ्याला विश्रांतीही लागते. जेथे काम आहे तेथे ते कोण करतो, किती वेळ करतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हे विचारण्याची आम्हा लोकांना खोडच असते. त्या खोडीपायी मी हा विषय घेतला आहे.

निमित्त घडले ते असे. दोन वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे एक जुने सभासद, फिटर म्हणून निवृत्त झालेले, संध्याकाळी घरी आले. त्यांची मुलगी आणि जावई स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहरी असतात. आपल्या पिंपरी-चिंचवड आणि दापोडी भागांत स्वीडिश कंपन्यांचे कारखाने कित्येक दशकांपासून आहेत. त्यामुळे आमच्या भागातल्या पोरांना त्या देशाची वाट अगदीच अनोळखी नाही. जावई इंजिनिअर, मुलगी येथली नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेलेली. नातू तेथेच जन्मला, आठ महिन्यांचा झाला होता.

"दादा," ते म्हणाले, "पोरगी फोनवर नुसती रडते. आंघोळीला जायचं तरी पोराला धरायला माणूस नाही म्हणते. हिचं म्हणणं, नातवाला सहा महिने इकडं आणावं, आपण सांभाळू. तुम्हाला काय वाटतं?"

मी विचारले, "जावईबापूंनी रजा घेतली का?"

"बापाला कसली रजा?" ते म्हणाले.

तेथे बापालाही रजा मिळते, एवढेच मी ऐकून होतो. मग त्या जोडप्याशी बोललो, तेथल्या सामाजिक विम्याचे नियम वाचून काढले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आपल्या घरातले हात मोजू. आठ महिन्यांच्या बाळाला आपल्याकडे तेल लावते आजी किंवा मालिशवाली बाई. त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरतात आजोबा. शेजारची मुलगी शाळेतून आली की त्याला उचलून नेते. मावशी येते, काकू येते, आणि काही नाही तर वाण्याकडे जाताना 'जरा बघा हो' म्हणून दार उघडे टाकून जाता येते. या हातांचा हिशेब आपण कधी ठेवत नाही, कारण त्यांची मजुरी कोणी मागत नाही. म्हणून मूल आईच सांभाळते, असा आपला समज होतो. खरे पाहता आई पाच-सहा माणसांच्या मदतीने सांभाळते, आणि तीही बहुतेक बायकाच असतात.

हेच कुटुंब विमानात बसून परक्या शहरी गेले की हे सारे हात मागे राहतात. बरोबर जातात ते फक्त आई-बाप; आणि बाप सकाळी आठला कामावर गेला की उरते एकटी आई. जे काम सहा जणांचे होते ते एका माणसावर पडते. त्यात भाषा अनोळखी, आणि डिसेंबरात तेथे दिवसाचा उजेड जेमतेम सहा-साडेसहा तास. अशा वेळी ती बाई रडली, तर घरचे म्हणतात, 'तिचे मन रमत नाही', 'तिला जमत नाही'. कारखान्यात सहा माणसांचे यंत्र एकाच्या गळ्यात मारले आणि तो थकला, तर त्याला नालायक म्हणणाऱ्या मॅनेजरशी आम्ही भांडतो. मग या बाईच्या बाजूने कोण भांडणार?

स्वीडनने या प्रश्नाचे जे उत्तर काढले ते एका दिवसात निघाले नाही. १९३४ साली अल्वा आणि गुन्नार मिर्डाल या पतिपत्नींनी लोकसंख्येच्या प्रश्नावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. जन्मदर घसरत होता. बायकांना घरात डांबून तो वाढणार नाही, मुलांचा खर्च आणि भार समाजाने वाटून घेतला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. या अल्वाबाई पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीत राहिल्या, आणि १९८२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ मध्ये तेथे प्रत्येक मुलामागे सरकारी भत्ता सुरू झाला. १९६९ मध्ये सत्तारूढ सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि कामगार महासंघ यांनी मिळून समतेचा जो अहवाल काढला, त्या समितीच्या अध्यक्षाही अल्वाबाईच होत्या. १९७१ मध्ये नवरा-बायकोच्या कमाईवर निरनिराळा कर बसू लागला. त्यामुळे बायकोची नोकरी ही नवऱ्याच्या मिळकतीला जोडलेली पुस्ती राहिली नाही. आणि १९७४ मध्ये आईची बाळंतपणाची रजा जाऊन तिच्या जागी पालकांची रजा आली. शब्दातला हा फरक लहान दिसतो. पण जगात प्रथमच एका राष्ट्राने कायद्याने सांगितले की, ही रजा बापाचीही आहे.

कायदा झाला म्हणून माणसे लगेच बदलली, असे मात्र नाही. १९७४ साली त्या रजेच्या एकूण दिवसांपैकी बापांनी घेतलेले दिवस अर्धा टक्का होते. पुढे सरकारने एका धिप्पाड वजन उचलणाऱ्या पहिलवानाच्या हातात तान्हे मूल देऊन त्याची जाहिरातचित्रे लावली. तरीही काटा हळूहळूच हलला. शेवटी १९९५ मध्ये एक महिना असा ठरवला की, तो बापाने घेतला नाही तर आईला देता येत नाही, तो बुडतो. २००२ मध्ये दुसरा महिना आणि २०१६ मध्ये तिसरा महिना असाच राखून ठेवण्यात आला. आज बापांचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवर आला आहे. आमच्या चळवळीचाही अनुभव हाच आहे: जो हक्क दुसऱ्याला देऊन टाकता येतो तो दुबळ्याच्या हातून सुटतो, आणि जो देता येत नाही तोच वापरला जातो.

आता आजचे नियम सांगतो. एका मुलामागे दोन्ही पालकांना मिळून ४८० दिवस भरपगारी नव्हे, पण भत्त्याची रजा असते. त्यातील ३९० दिवस पगाराच्या जवळजवळ ८० टक्के, एका ठरलेल्या मर्यादेपर्यंत. उरलेले ९० दिवस रोजी १८० क्रोनर. प्रत्येकाचे ९० दिवस स्वतःचे, दुसऱ्याला न देता येणारे. रजा सलगच घ्यावी असे नाही. अर्धा दिवस, पाव दिवस, दिवसाचा आठवा भागसुद्धा घेता येतो. शिवाय मूल जन्मताना दुसऱ्या पालकाला १० दिवस वेगळे मिळतात.

बाहेरून आलेल्या कुटुंबाने येथे तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. पहिली: मूल तेथे जन्मले तर ४८० दिवस, पण मूल एक वर्षाचे झाल्यावर तेथे आले तर दोघांत मिळून २००, आणि दोन वर्षांचे झाल्यावर आले तर १०० दिवसच मिळतात. दुसरी: भत्ता कमाईवर ठरतो. जिने मुलाच्या जन्माआधी तेथे २४० दिवस नोकरी केलेली नसते, तिला रोजी २५० क्रोनर हा मूळ दर मिळतो. तिसरी: २०२४ च्या जुलैपासून पालकांना आपल्या रजेचे काही दिवस दुसऱ्या माणसाला, आजी-आजोबांनाही, देता येतात. हे ऐकून आमच्या फिटरसाहेबांचा चेहरा खुलला. पण ज्याला दिवस द्यायचे त्याचा विमा स्वीडनमध्ये असावा लागतो. नव्वद दिवसांच्या व्हिसावर जाणाऱ्या चिंचवडच्या आजीला त्याचा लाभ नाही. कायद्याने आजीचा हात ओळखला खरा, पण तो तेथल्या आजीचा.

या जोडप्याचे काय झाले होते ते आता आपल्या ध्यानात येईल. भत्ता कमी असूनही सारी रजा बायको घेत होती, आणि नवऱ्याचे स्वतःचे ९० दिवस तसेच पडून होते. त्याला रजेची माहिती नव्हती असे नाही. त्याला भीती वाटत होती. 'नवीन नोकरी, परका देश. तीन महिने घरी बसलो तर साहेब काय म्हणेल?' तेथला कायदा सांगतो की, ही रजा घेतली म्हणून मालकाने कोणाचे नुकसान करू नये. त्याचा स्वीडिश साहेब स्वतःच दोन वेळा अशा रजेवर जाऊन आलेला होता. भीती पुण्याहून बरोबर नेलेली होती.

रजा संपल्यावर येते बालशाळा. मूल एक वर्षाचे झाले आणि आई-बाप नोकरी करत किंवा शिकत असले, की नगरपालिकेने अर्ज केल्यापासून चार महिन्यांत त्याला जागा दिली पाहिजे. २००२ पासून फीला वरची मर्यादा आहे: पहिल्या मुलाला घरच्या मिळकतीच्या ३ टक्के, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथे फुकट. जेवण त्यातच. मूल आजारी पडले तर त्याच्याजवळ राहणाऱ्या पालकाला वर्षात १२० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, आणि हे मूल १२ वर्षांचे होईपर्यंत. या रजेला 'वाब' म्हणतात. फेब्रुवारीत सगळी मुले खोकतात, म्हणून लोक त्या महिन्याला थट्टेने 'वाबरुआरी' म्हणतात.

आपल्या आयांना मात्र ही बालशाळा प्रथम फार कठीण जाते. एक वर्षाचे पोर परक्याच्या हाती द्यायचे? तेथे असे एकदम देत नाहीत. पहिले काही दिवस, कोठे दोन आठवडे, आई किंवा बाप मुलाबरोबर तेथेच बसतो; मग थोडा वेळ बाहेर जातो, मग जास्त वेळ. मुले पावसात आणि बर्फात अंगभर रबरी कपडे घालून खेळतात. तान्ही मुले गाडीत पांघरूण घेऊन उघड्यावर झोपतात. आपल्या आजीने हे पाहिले तर ती ओरडतच धावेल. वर्ष-दीड वर्षाची मुले आपल्या हाताने सांडत-लवंडत जेवतात. आपल्याकडे चिऊ-काऊचे घास चार वर्षांपर्यंत चालतात. मुले बाईंना नावाने हाक मारतात, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. यातले काय घ्यावे आणि काय सोडावे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु एका बाबतीत निवड नाही. १९७९ साली स्वीडनने मुलाला मारणे कायद्याने बंद केले. असा कायदा करणारे ते जगातले पहिले राष्ट्र. तो घरोघर समजावा म्हणून त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती. 'एक धपाटा दिला तर काय बिघडले' हे आपले वाक्य तेथे चालत नाही. आणि मी म्हणेन, येथेही चालू नये.

आईच्या एकटेपणाकडेही तेथे डोळेझाक होत नाही. बाल-आरोग्य केंद्रात मुलाचे वजन, लसी, पहिली दोन वर्षे द्यायचे ड जीवनसत्त्वाचे थेंब हे सर्व विनामूल्य असते. मूल सहा ते आठ आठवड्यांचे झाले की परिचारिका आईला दहा प्रश्नांचा एक कागद देते: हसू येते का, झोप लागते का, उगाच भीती वाटते का. बाळंतिणीचे मन खचले आहे की काय, हे त्यावरून पाहतात. आमच्या मुलीने त्यावर सगळे 'बरे आहे' असे लिहिले होते. आपल्याकडच्या सुनांना आणि लेकींना असेच लिहायचे शिकवलेले असते. पुढे मी तिला फोनवर म्हणालो, "बाई, पुन्हा जा आणि खरे ते सांग. कामगार डॉक्टरला खरे दुखणे सांगत नाही, तोवर डॉक्टरही काही करू शकत नाही." ती गेली. परिचारिकेने तिला औषध न देता आधी एक पत्ता दिला. आई-बापांनी मुलांना घेऊन जाऊन बसायचे, नाव नोंदवायचे नाही, पैसे भरायचे नाहीत, अशी खुली बालशाळा तेथे असते. तेथे तिला सोमालियाची एक आई भेटली आणि एक पोलंडची. तिघींची भाषा तीन तऱ्हेची; पण पोराचे दात येतानाचे रडणे सगळ्यांना सारखेच कळते.

भाषेचा विषय निघाला म्हणून सांगतो. परदेशी गेलेले पुष्कळ आई-बाप मूल मागे पडेल या भयाने घरात मोडकी इंग्रजी बोलू लागतात. त्याची गरज नसते. स्वीडिश भाषा मूल बालशाळेत आपोआप उचलते. मराठी मात्र त्याला रस्त्यावर सापडणार नाही. ती फक्त आई-बापांच्या तोंडून मिळेल. स्वीडनमध्ये १९७७ पासून शाळेत मातृभाषा शिकवण्याची तरतूद आहे. घरात ती भाषा रोज बोलली जात असावी, त्या नगरपालिकेत तीच भाषा मागणारी निदान पाच मुले असावीत आणि शिक्षक मिळावा, अशा तिच्या अटी आहेत. पाच मुले! श्रोतेहो, ही तर आमच्या धंद्यातली गोष्ट झाली. पाच घरे गाठायची, पाच अर्ज भरून घ्यायचे, आणि एकदम नेऊन द्यायचे. गणपतीला जेथे शंभर माणसे जमतात तेथे पाच अर्ज जमू नयेत असे नाही.

आता नातवाला इकडे आणण्याचा प्रश्न. मी फिटरसाहेबांना आणि त्यांच्या घरच्यांना समोर बसवून म्हणालो, "तुमची माया खरी. पण आठ-नऊ महिन्यांचे पोर आपले कोण नि परके कोण हे ओळखायला लागते. आत्ता ते आईपासून तुटेल. सहा महिन्यांनी तुम्हाला आई समजू लागेल, आणि तेव्हा तुमच्यापासून तुटेल. शिवाय भत्ता मूल सांभाळण्यासाठी मिळतो. मूलच हजारो मैल दूर ठेवले तर तो कशाच्या जोरावर मागायचा?" वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग आम्ही काय करायचं?" या प्रश्नाला स्वीडनच्या कायद्यात उत्तर नाही. कायदा वेळ देऊ शकतो, पैसा देऊ शकतो, बालशाळा देऊ शकतो. आजी देऊ शकत नाही. ही उणीव खरीच आहे, आणि परदेशी सारे चांगलेच असते असे सांगणारा तुम्हाला फसवतो.

जावयाने फेब्रुवारीपासून तीन महिने रजा घेतली. मुलगी सकाळी सरकारी वर्गात विनामूल्य स्वीडिश शिकायला जाऊ लागली. तिचे रडणे एकदम थांबले असे नाही. पण आंघोळीला वेळ मिळू लागला, आणि संध्याकाळच्या फोनमध्ये वर्गातल्या गोष्टी येऊ लागल्या. इकडे फिटरसाहेब मात्र अस्वस्थ. "दादा, जावई तीन महिने घरी बसलाय. लोकांना काय सांगू?" मी म्हणालो, "घरी बसला म्हणू नका. कामावर आहे म्हणा."

यात आपण परक्यांचे कौतुक करून थांबू नये. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार पुष्कळसा सरकारने उचलावा, असे ते म्हणाले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. म्हणजे हा विचार आपल्याकडे उसना आणावा लागलेला नाही. १९६१ मध्ये देशाचा कायदा झाला, २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली, आणि पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. परंतु ही सगळी रजा आईची. केंद्र सरकारच्या नोकराला बाप म्हणून १५ दिवस मिळतात. खाजगी कारखान्यातल्या बापाला देशाच्या कायद्याने एकही दिवस नाही. मागणीपत्रात हे कलम घालायला मी स्वतः कित्येक वर्षे विसरलो, हेही येथे कबूल करतो. गेल्या दोन वर्षांत ते घालू लागलो आहे. मालक हसतात, आमचे काही सभासदही हसतात. १९७४ साली स्वीडनमध्येही पुष्कळ जण हसलेच असतील.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी जावयानेच दिले. रजेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने सासूबाईंना स्वतः फोन केला आणि नाचणीचे सत्त्व किती पाण्यात शिजवायचे ते विचारले. तोवर तीन वर्षांत त्याने त्यांना सणावारी नमस्कारापलीकडे काही म्हटले नव्हते. मग रोज सकाळी फोन येऊ लागला: पोर खात नाही, काय करू; पोट कडक लागते, ओवा चालेल का. वहिनी इकडे चुलीपाशी उभ्या राहून सांगत, तो तेथे करत असे. परवा फिटरसाहेब भेटले तेव्हा म्हणाले, "दादा, जावई आता माझ्याशी बोलतच नाही. सगळं बोलणं सासूशी!"